पाटाखालचा वारा

वाचकाचं पत्र:

आम्ही लेस्टरला राहतो. गेल्या वर्षी घर घेतलं. १९०५ च्या सुमाराचं, विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. पुढच्या दोन खोल्यांना लाकडी फळ्यांची जमीन, मागच्या स्वयंपाकघराला फरशी. आता नूतनीकरण काढलंय. गेल्या दिवाळीत सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला पाटावर बसल्या आणि पाचच मिनिटांत म्हणाल्या, "अगं, खालून वारा लागतोय." मला वाटलं, वय झालंय, थंडीची सवय नाही. मग मीच हात लावून पाहिला, तर खरंच. हीटिंग सुरू, अंगात स्वेटर आणि पाय मात्र बर्फ! बिल्डर म्हणतो, खालची पोकळी भरतो आणि वर काँक्रीट ओततो, कटकट संपली. आमचे हे म्हणतात, जाड कार्पेट टाकू. शेजारी म्हणतात, बाहेरच्या भिंतीतल्या जाळ्या बुजवा, वारा तिथूनच शिरतो. त्यात परवा फोम फवारणाऱ्यांचं पत्रक दारात पडलं. कुणाचं ऐकू?
– गारठलेली, लेस्टर

गारठलेल्या ताई,

सासूबाईंचं ऐका. चार जणांनी चार औषधं सुचवली, पण रोग ओळखला तो पाटावर बसलेल्या बाईंनी. खालून वारा येतोय. तुमचे पाय गार पडतात ते फळी गार आहे म्हणून थोडे आणि फटीतून वारा लागतो म्हणून बरेच. एवढं डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

त्याआधी एक घाईचं काम. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्या जाळ्या बुजवल्या असतील, तर पुढचं नंतर वाचा, आधी उठा आणि मोकळ्या करा. जुनी फडकी, प्लास्टिकच्या पिशव्या, जे काही कोंबलं असेल ते उपसून काढा. का, ते सांगते.

आपल्याकडच्या जुन्या घराला भरीव जोतं असतं. बाहेरून दगड, आत मुरूम-मातीचा भराव, वर चोपून सारवलेली जमीन. तुमच्या सासूबाईंच्या डोळ्यांसमोर जमीन म्हणजे तीच असणार. लेस्टरच्या त्या काळच्या घराची रचना निराळी. फळ्यांच्या खाली चक्क पोकळी असते, कुठे हातभर, कुठे गुडघाभर. त्या पोकळीत विटांच्या बुटक्या भिंती उभ्या असतात, मध्ये मध्ये भोकं ठेवून रचलेल्या. त्यांच्यावर लाकडी जॉइस्ट, म्हणजे बारीक तुळया, आडवे टाकलेले, बहुतेक वेळा दोन इंच रुंद आणि चार इंच उंच, साधारण सोळा-सोळा इंचांवर. त्यांच्यावर पाइनच्या फळ्या ठोकलेल्या. आणि सगळ्याच्या खाली उघडी माती. त्या मातीतून बाराही महिने ओल वर येत असते. ती लाकडात मुरू नये म्हणून पुढच्या-मागच्या भिंतींत भोकांच्या विटा बसवलेल्या असतात. त्याच तुमच्या 'जाळ्या'. इथे त्यांना एअरब्रिक म्हणतात. वारा एकीकडून शिरतो, दुसरीकडून निघतो आणि जाताना ओल घेऊन जातो. शंभराहून जास्त वर्षं ते लाकूड टिकलंय ते त्या चार-सहा विटांच्या जोरावर.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. घर घेतलं त्या वर्षी आम्ही हौसेनं मागच्या अंगणात नव्या फरशा घातल्या. फरशीची पातळी एअरब्रिकच्या वर गेली आणि दोन विटा सिमेंटखाली गडप झाल्या. माझ्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसांत मी कामावर लोकांच्या जुन्या घरांची तपासणी करत होते, हा त्यातला विनोद. चौथ्या हिवाळ्यात खिडकीशी ठेवलेली तुळशीची कुंडी सरकवायला गेले आणि पायाखालची फळी हळूच दबली. फळी उचलली. जॉइस्टच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत. लाकूड तपकिरी पडलेलं, उभ्या-आडव्या चिरा जाऊन त्याचे चौकोनी तुकडे झालेले, आणि तुकडा बोटांत चुरगळला की कॉफीसारखी भुकटी. वास पावसाळाभर बंद ठेवलेल्या माळ्याचा. सहा जॉइस्टची टोकं कापून नवं लाकूड जोडावं लागलं. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवायच्या आधी मी खाली वाकून एअरब्रिक बघते. नवऱ्याला लाज वाटते.

तर मग वारा हवा की नको? फळीच्या खाली हवा, फळीच्या वर नको. तुमचं सगळं काम या दोहोंमधली सीमा नीट आखण्याचं आहे.

हा वारा वर का येतो तेही बघा. घरातली हवा तापली की वर चढते आणि माळ्याच्या झाकणाच्या फटीतून, जुन्या फायरप्लेसच्या धुराड्यातून निघून जाते. जेवढी वरून गेली तेवढी कुठून तरी आत यायला हवी, म्हणून घर ती खालून ओढतं. म्हणजे गार वाटतं म्हणून तुम्ही थर्मोस्टॅट दोन अंशांनी वाढवला की वरची ओढ वाढते आणि खालचा वाराही वाढतो. सासूबाई हीटिंग सुरू असताना गारठल्या, ते यामुळे. धुराडं वापरात नसेल तर त्यात फुगवायचा फुगा किंवा लोकरीचं बूच बसवा आणि माळ्याच्या झाकणाला कडेनं रबरी पट्टी लावा. जमिनीला हात न लावताही फरक जाणवेल.

फटी कुठे आहेत ते शोधायला महागडं यंत्र लागत नाही. वारा सुटलेल्या दिवशी उदबत्ती लावा आणि स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या लाकडी पट्टीच्या, कडेकडेनं जमिनीलगत फिरवा. धूर सरळ वर जातो तिथे ठीक, आडवा पडतो तिथे खडूनं खूण करा. बहुतेक खुणा फळ्यांच्या मध्ये न पडता भिंतीच्या कडेला पडतील, कारण फळी आणि भिंत यांच्यात मुद्दाम जागा सोडलेली असते आणि स्कर्टिंग ती फक्त झाकतं. पाच मीटर बाय चार मीटरच्या खोलीचा परीघ १८ मीटर. कडेनं नुसती दोन मिलिमीटरची फट धरली तरी ३६० चौरस सेंटिमीटर जागा उघडी. म्हणजे दिवाणखान्याच्या मध्यभागी एका छोट्या पोळपाटाएवढं भोक पाडून आपण हिवाळाभर वर हीटिंग चालवतोय.

आता फळ्या उचलायच्या. पण घराला शतक झालंय आणि मधल्या काळात कुणी काय चिकटवलं ते आपल्याला ठाऊक नाही. कार्पेटखाली काळ्या डांबरी गोंदावर बसवलेल्या जुन्या कडक टाइल्स निघाल्या तर त्यांना खरवडायला जाऊ नका. त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये, म्हणजे त्याआधीची कुठलीही टाइल संशयितच. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, मगच पुढे जा.

पोकळीत माणूस पोटावर सरपटू शकेल एवढी उंची असेल तर काम खालून करता येतं आणि वरची जमीन तशीच राहते. तुमच्याकडे ती असण्याची शक्यता कमी, आणि नूतनीकरण चालूच आहे, तर वरून करा. प्रत्येक फळीच्या पाठीवर खडूनं नंबर घाला. फळ्या एकमेकींत खोबणीनं अडकवलेल्या असतील तर पहिली फळी बळी जाणार हे धरून चाला, बाकीच्या सावकाश सुटतात. आणि दोन्ही खोल्या एकदम उघडू नका. एक पूर्ण करा, मग दुसरी. फळ्या उचललेल्या खोलीत रात्री झोपणं म्हणजे ओट्यावर झोपणं. जमलं तर हे काम मार्चनंतरच घ्या.

पोकळी उघडली की लगेच ऊब अडवणाऱ्या इन्सुलेशनच्या गठ्ठ्यांकडे धावू नका. आधी आत उतरून कचरा काढा. शंभर वर्षांच्या दुरुस्त्यांचा राडारोडा तिथेच लोटलेला असतो: विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, लाकडाच्या ढलप्या, वर्तमानपत्रं. तो ढीग भिंतीला टेकला असेल तर जमिनीची ओल त्यावरून चढून थेट भिंतीत आणि लाकडात जाते. मग ओल मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि प्रत्येक जॉइस्टचं टोक तपासा, विशेषतः जे टोक बाहेरच्या भिंतीत घुसलंय ते. आकडा २० टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड निर्धास्त. वर असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बाहेरचा गळका पन्हळ, अंगणाची चढलेली पातळी, बुजलेली एअरब्रिक, यांतलंच काहीतरी निघतं. भिंतीत ओल अडवणारा थर असतो, तुमच्या काळात बहुधा स्लेटचा. बाहेरची जमीन त्याच्या किमान १५ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे विटांचे दोन थर. लाकडात भुंग्यानं पाडलेली बारीक भोकं दिसली म्हणून घाबरू नका. जुन्या घरात ती असतातच. ताजी भुकटी गळत असेल तरच काळजी करायची. ओल्या लाकडाखाली गरम पांघरूण घालणं म्हणजे ओल्या केसांवर अंबाडा बांधणं.

वाऱ्याचा रस्ताही याच वेळी तपासायचा. तुमच्या मागच्या स्वयंपाकघराला फरशी आहे, म्हणजे पोकळी तिथे येऊन थांबते. पुढून शिरलेला वारा मागून निघणार कुठून? अशा घरांत मधल्या खोलीची एक बाजू चिंचोळ्या बोळाकडे उघडी असते आणि एअरब्रिक तिथे असतात. आहेत का बघा. कुणी पूर्वी स्वयंपाकघर मागे वाढवताना त्या बंद केल्या असतील, तर काँक्रीटखालून पाइप टाकून वाऱ्याला मागच्या भिंतीपर्यंत न्यावं लागतं. तुम्ही स्वतःच मागे वाढवणार असाल तर हे पाइप नकाशावर आजच काढून घ्या, बिल्डरला आठवण राहत नाही. किती उघडी जागा लागते याचा इथला हिशोब असा: बाहेरच्या भिंतीच्या दर मीटरला १५०० चौरस मिलिमीटर किंवा जमिनीच्या दर चौरस मीटरला ५००, यांतलं जे जास्त ते. तुमच्या दोन खोल्या मिळून ३० चौरस मीटर धरल्या तर दुसऱ्या हिशोबानं १५,००० चौरस मिलिमीटर. जुन्या भाजलेल्या मातीच्या विटेची भोकं बारीक असतात आणि चार वेळा रंग मारून ती आणखी बारीक झालेली असतात. तेवढ्याच मापाची नवी प्लास्टिकची एअरब्रिक कितीतरी जास्त हवा सोडते. दिसायला मात्र वाईट, त्यामुळे पुढच्या दर्शनी भिंतीला मातीचीच ठेवा, हवी तर संख्या वाढवा.

आता इन्सुलेशन. माझा कौल लाकडाच्या तंतूंच्या लवचीक गाद्यांना, नाहीतर साध्या मिनरल वुलला, म्हणजे दगड-काचेच्या तंतूंच्या लोकरीला. बिल्डर तुम्हाला पिवळट कडक पाटे दाखवेल, ज्यांना इथे पीआयआर म्हणतात. कागदावर ते जिंकतात. १०० मिलिमीटरचा तो पाटा जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला तंतूंची गादी साधारण १७० मिलिमीटर लागते. पण तुमचे जॉइस्ट १९०५ चे आहेत. एकही सरळ नाही, दोघांतलं अंतर दर फुटाला बदलतं. कडक पाटा तिथे कापून बसवायचा म्हणजे दोन्ही कडांना फट राहणार, ती कामगार फोमच्या बंदुकीनं भरणार, आणि पुढच्या वर्षी लाकूड आकसलं की फट परत उघडणार. तंतूंची गादी जरा जास्त रुंद कापून दाबून बसवली की वाकड्या लाकडालाही घट्ट बिलगते. शिवाय ती ओल शोषते आणि सोडते, म्हणून शेजारच्या लाकडाला घाम फुटत नाही. सपाट, मोकळ्या, नव्या जमिनीवर मी पीआयआरच वापरीन. इथे नाही.

बसवायची पद्धत नीट समजून घ्या, कारण यात घाई होते. आधी वारा अडवणारं पण वाफ जाऊ देणारं कापड जॉइस्टवरून अंथरायचं, आणि दोन जॉइस्टच्या मध्ये ते पाळण्याच्या झोळीसारखं खाली सोडून कडेला पिना मारायच्या. त्या झोळीत गादी भरायची, कुठेही पोकळी न ठेवता. गादी फळीला खालून टेकली पाहिजे. मध्ये इंचभर जागा राहिली तर तिथून गार हवा फिरते आणि सगळी मेहनत वाया. चार इंचांच्या जॉइस्टमध्ये १०० मिलिमीटरच मावतं. म्हणून झोळी थोडी खोल सोडा आणि १५० मिलिमीटरपर्यंत जा, पण गादीच्या तळापासून मातीपर्यंत किमान १५० मिलिमीटर मोकळी जागा राहू द्या. मग सगळ्यावर, फळ्यांच्या खाली, हवा अडवणारं दुसरं कापड सलग पसरायचं. सांधे टेपनं बंद, आणि कडेला ते भिंतीवर चार बोटं चढवून चिकटवायचं, वरून स्कर्टिंग. तुमच्या सासूबाईंना लागलेला वारा नेमका या चार बोटांत अडणार आहे. बिल्डरचं काम एकाच जागी उभं राहून बघायचं असेल तर इथे बघा. मधली गादी थोडी कमीजास्त झाली तर चालेल, कड सुटली तर नाही.

खाली साधं पॉलिथीन मात्र वापरू देऊ नका. "ओल येऊ नये म्हणून घालतो ताई," असं सांगतील. वरून बादली लवंडली किंवा रेडिएटरचा सांधा गळला तर ते पाणी त्या पॉलिथीनच्या झोळीत साठतं आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. मातीवर सपाट अंथरलेलं पॉलिथीन ही वेगळी गोष्ट, त्यानं ओल कमी होते. लाकडाला लपेटलेलं नको.

फळ्यांखालून हीटिंगचे आणि पाण्याचे नळ जात असतील तर त्यांना आधी वेगळं पांघरूण घाला. इन्सुलेशन झाल्यावर पोकळी पूर्वीपेक्षा गार होणार, कारण तुमच्या घराची ऊब तिथे झिरपणं थांबणार. उघडा नळ कडाक्याच्या थंडीत गोठू शकतो. विजेच्या तारा गादीत पुरल्या तर त्यांना त्यांची उष्णता बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे कुठली तार कुठे ठेवायची ते इलेक्ट्रिशियननं ठरवावं. पांढऱ्या थर्माकोलला तर पीव्हीसीची तार टेकूच देऊ नये, तारेचं आवरण त्यानं हळूहळू कडक होऊन तडकतं. गॅसचा पाइप दिसला तर गॅस सेफमध्ये नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. आणि तुमच्या पोस्टकोडला रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून वर येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा, धोका आहे का, ते सरकारी नकाशावर एकदा बघून ठेवा. पोकळीत वारा खेळता असणं त्यासाठीही बरंच.

बिल्डरचं काँक्रीट. तो लबाड नाही, त्याला ते सोपं पडतं एवढंच. पण खोल भराव नीट न ठोकता घातला तर वर्षा-दोन वर्षांत बसतो आणि वरचं काँक्रीट तडकतं. आणि जी ओल आजवर वाऱ्याबरोबर जात होती, तिला आता एकच वाट राहते, कडेच्या भिंती. त्यांतल्या दोन शेजाऱ्यांशी सामाईक. नीट चाललेली जमीन उखडून दुसऱ्या जातीची जमीन का घालायची? जॉइस्ट निम्म्याहून जास्त कुजलेले निघाले तर मला परत लिहा, मग काँक्रीटचा विचार करू.

तुमच्या यजमानांचं कार्पेट मी हसण्यावारी नेणार नाही. खाली जाड अंडरले आणि वर लोकरीचं कार्पेट टाकल्यानं पायाला ऊब लागते आणि फळ्यांमधला वारा बराच अडतो. पण कडेचा वारा स्कर्टिंगखालून तसाच येतो. कार्पेटच्या कडेला भिंतीलगत काळपट रेघ उमटलेली पाहिली असेल. ती धूळ तो वारा आणतो, कार्पेट तिला गाळतं. पैसे खरोखर नसतील तर फळ्यांमधल्या फटींत प्लास्टिकच्या दुमडलेल्या पट्ट्या दाबा, स्कर्टिंगच्या खाली सीलंट भरा आणि मग कार्पेट टाका. पण फळ्या उचलणारच आहात, तर एवढ्यावर थांबण्यात अर्थ नाही.

फोमच्या पत्रकाचा कागद चुलीत घालायला चांगला होता, चूल नाही म्हणून रद्दीत घाला. फवारलेला फोम लाकडाला घट्ट चिकटतो, आतलं लाकूड कुजतंय की नाही ते कधीच दिसत नाही, आणि पुढे घर विकताना तपासणीला येणारा माणूस आणि कर्ज देणारी बँक दोघेही कपाळाला आठ्या घालतात. एकदा मारला की काढणंही जिकिरीचं.

स्वयंपाकघराची फरशी हा निराळा प्रश्न आहे, आणि तिथे मी हात आखडता घ्यायला सांगेन. जुन्या लाल फरशा बहुधा थेट मातीवर किंवा राखेच्या थरावर बसवलेल्या असतात. नीट करायचं तर फरशी उखडून खणायचं, खडीचा थर, ओल अडवणारा पडदा, १०० मिलिमीटरच्या वर पीआयआर, मग काँक्रीट. दुसरा मार्ग म्हणजे फुगवलेल्या काचेच्या खड्यांवर चुन्याचं काँक्रीट. महाग आहे, पण ओल कोंडत नाही. दोन्हींत खणणं आलंच. तुमच्या काळच्या भिंतींचा पाया उथळ असतो, विटांच्या दोन-तीन पायऱ्या आणि संपला. त्याच्या खाली खणलं की भिंतच हलते. शिवाय शेजाऱ्याच्या घरापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायाच्या खाली खणायचं असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल, म्हणजे सामाईक भिंतींच्या, कायद्यानुसार त्याला महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. फरशी कोरडी असेल तर तिच्यावर २०-२५ मिलिमीटरचे पातळ पाटे टाकून नवी जमीन करा. पूर्ण फायदा मिळणार नाही, पण पाय गार पडणार नाहीत. मात्र आधी दारं खालून किती कापावी लागतील आणि दोन खोल्यांच्या मध्ये पायरी किती पडेल ते मोजा. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दोन सेंटिमीटरचा उंबरठा दहा सेंटिमीटरच्या पायरीपेक्षा जास्त पाडतो, कारण तो दिसत नाही.

पैशांचं सरळ सांगते. तुमच्या ३० चौरस मीटर जमिनीतून, आत २० आणि बाहेर ५ अंश असताना, आज साधारण ३१५ वॉट उष्णता झिरपत असेल. इथे मी जमिनीचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर अंशामागे किती वॉट झिरपतात तो आकडा, ०.७ धरलाय. तो ०.२५ वर आणला तर ११० च्या आसपास. दिवसाला जवळपास पाच युनिट वाचले, तेही गॅसचे. वारा अडल्याचा फायदा वेगळा, तो बहुधा याहून मोठा, पण मोजायला अवघड. एवढ्यावरून चार वर्षांत पैसे वसूल होतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हे काम बिलापेक्षा पायांसाठी करायचं. आणि अजून एक होतं: पाय ऊबदार असले की माणूस १९ अंशांतही खूश राहतो, २२ लागत नाहीत.

हा ०.२५ आकडा मी हवेतून काढलेला नाही. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत जुन्या जमिनीचा निम्म्याहून जास्त भाग नव्यानं केला तर शक्य तिथे तेवढं गाठावं लागतं. बिल्डर "जुन्या घराला लागू नाही" म्हणाला तर बिल्डिंग कंट्रोलच्या कचेरीत स्वतः फोन करा. तिथली माणसं बोलायला चांगली असतात, फक्त काम सुरू व्हायच्या आधी विचारलेलं त्यांना आवडतं. दुसरं, ३१ मार्च २०२७ पर्यंत घरात बसवून दिलेल्या इन्सुलेशनवर, माल आणि मजुरी दोन्हींवर, व्हॅट शून्य आहे. स्वतः दुकानातून आणलेल्या मालावर मात्र २० टक्के लागतो. मोठ्या कामात सगळं एकत्र कोटेशनला टाकलं तर ही सूट हातची जाऊ शकते, म्हणून इन्सुलेशनचं कोटेशन वेगळं मागा आणि व्हॅट काय लावणार ते लिहून घ्या.

खालचा वारा बंद झाला की घरातली वाफ जायचा एक रस्ता बंद होतो, हे कुणी सांगत नाही. आपल्या घरात सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या, दुपारी चहा, संध्याकाळी रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. आजवर ती वाफ फटींतून निघून जात होती. आता ती खिडकीच्या काचेवर बसेल आणि कपाटामागच्या कोपऱ्यात बुरशी धरेल. तेव्हा गॅसवरचा पंखा बाहेर हवा टाकणारा हवा, नुसती गाळून परत घरात सोडणारा नको. न्हाणीघरातला पंखाही अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू राहू द्या, आवाजासाठी लगेच बंद करू नका.

फळ्या परत ठोकायच्या आधी दोन कामं. सगळ्या उघड्या जमिनीचे, नळांचे आणि तारांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. दहा वर्षांनी कुठे खिळा मारायचा आणि कुठे नाही ते तुम्हाला त्यातून कळेल. आणि जिन्याखालच्या कपाटात दोन फळ्यांचं झाकण करून घ्या, स्क्रूनं उघडणारं, त्यालाही खालून गादी आणि कडेला रबरी पट्टी. वर चपलांचा रॅक ठेवलात तर कुणाला दिसणारही नाही. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, सासूबाईंच्या तिकिटाच्या आसपास, ते उघडा, टॉर्च मारा, जवळच्या जॉइस्टला ओल मोजायचं यंत्र टोचा आणि आकडा झाकणाच्या पाठीवर पेन्सिलीनं तारखेसकट लिहा.